महिन्याचा पैसा आणि हंगामाचा पैसा



घरखर्चाचं नियोजन कसं करावं, हे सांगणारे बरेच लेख मी वाचलेत. जवळजवळ सगळ्यांची सुरुवात सारखीच असते. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार आला की त्याचे तीन वाटे करा : निम्मा गरजांना, थोडा हौसेला, उरलेला बचतीला. वाचायला छान वाटतं. पण आमच्या सावली तालुक्यात पहिल्या तारखेला पैसा येतो असं घर शोधायला निघालात, तर एका आळीत एखादं सापडेल. बाकीच्या घरांत पैसा धानाबरोबर येतो. थोडा मार्च-एप्रिलात मोहाबरोबर, मे महिन्यात तेंदूपानांच्या पंधरा-वीस दिवसांत, आणि ज्यांना जावं लागतं त्यांना तेलंगणातल्या मिरचीबरोबर. अशा घराला 'महिन्याचे तीन वाटे करा' म्हणून सांगणं म्हणजे पायात चप्पल नसलेल्याला पॉलिश कसं करावं ते शिकवण्यासारखं आहे.

म्हणून आज मी थोडं वेगळं मांडते. नवरा उधळ्या आणि बायको चिकट, किंवा याच्या उलट, असं आपण सहज बोलून जातो. पालकसभेतही बोलतो. माझं मत आता असं झालंय की यात स्वभावाचा भाग असतो, पण आपण समजतो तेवढा नसतो. पैसा ज्या चालीनं येतो, त्याच चालीनं माणसाला खर्चाची सवय लागते. एकाच घरात दोन चालींचा पैसा येत असेल, तर नवरा-बायकोनं आधी हे समजून घ्यायला हवं. नाहीतर कितीही वह्या रंगवा, भांडण तसंच राहतं.

माझंच घर घ्या. डी.एड. झाल्यावर कितीतरी वर्षं वाट पाहून २०२४ मध्ये मी शिक्षणसेवक म्हणून लागले. तीन वर्षं १६,००० रुपये मानधन. (२०२३ च्या आधी हेच ६,००० होतं, त्यामुळे फार कुरकुर करायची सोय नाही.) कधी मागे-पुढे होतं, पण दर महिन्याला येतं. आमचे हे तीन एकर धान करतात आणि हंगामात दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जातात. माझा पैसा महिन्याचा, त्यांचा हंगामाचा. मी १६,००० ला इतक्या ठिकाणी फाडते की प्रत्येक पन्नास रुपयांची मला आठवण असते. त्यांच्या हातात मात्र जून ते डिसेंबर काहीच नसतं. मग जानेवारीत एकदम ऐंशी हजार खात्यात पडतात.

या ऐंशी हजारांचा हिशेब सविस्तर सांगते, कारण माझे डोळे त्यानंच उघडले. तीन एकरांत आम्हाला साधारण ४५ क्विंटल धान झालं. दहा क्विंटल खायला ठेवलं. ३५ क्विंटल खरेदी केंद्रावर दिलं. त्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता (२०२५-२६ मध्ये तो २,३६९ झाला), म्हणजे ८०,५०० रुपये झाले. बियाणं, खत, फवारणी, रोवणीची आणि कापणीची मजुरी, धान चुरायचं भाडं असं सगळं मिळून ५०,००० च्या घरात गेलेलं होतं, आणि त्यातलं बरंचसं उसनवारीचं. उरले ३०,५००. त्याला बारानं भागा. महिन्याला अडीच हजार रुपये!

खात्यात ८०,५०० दिसत असताना अडीच हजार महिना असलेल्या माणसासारखं वागणं सोपं नाही. हे मी माझ्या यजमानांची बाजू घेऊन म्हणत नाही. माझ्या हातात एकरकमी ऐंशी हजार आले असते तर मीही दोन-चार दिवस श्रीमंत झाले असते. सहा महिने चिखलात उभा राहिलेला माणूस एक दिवस नोटा मोजतो, तेव्हा त्याला पुढचा जून दिसत नाही.

आणि हा पैसा येतो तोच काळ आमच्याकडे मंडईचा, शंकरपटाचा आणि नाटकांचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते आणि रात्री नाटक असतंच. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांच्या तारखा आधीच ठरलेल्या असतात. मंडई म्हणजे घरी पाहुणे. लेकी-जावई, साळे-मेव्हणे, त्यांची पोरं. कोंबडा, तिकिटं, लुगडी-कपडे. नोकरीला लागल्यावर मीही या खर्चाला 'उधळपट्टी' म्हणायला लागले होते. मग सासूबाईंनी एकदा गप्पांत सुनावलं, रोवणीला माणसं मिळत नाहीत तेव्हा हेच पाहुणे हात लावायला येतात. खरं होतं ते. तो खर्च कोणत्या बँकेत दिसत नाही, पण जुलैत परत मिळतो. माझ्या महिन्याच्या गणितात तो रकानाच नव्हता.

तर गेल्या जानेवारीत काय झालं? धानाचे पैसे आले. ह्यांनी शंकरपटाची वर्गणी दिली, पाहुण्यांचं केलं आणि भिंतीवर लावायचा मोठा टीव्ही आणला. मी मनात धरून बसले होते की या पैशातून आधी माझी सोन्याची पोत सुटणार. ती जूनमध्ये बियाणं-खतासाठी गहाण टाकली होती. मी बोलले नाही, कारण मला वाटलं हे उघडच आहे. ते बोलले नाहीत, कारण त्यांना वाटलं घरात टीव्ही सगळ्यांनाच हवाय. त्यानंतर आठ दिवस आमच्या घरात जे चाललं ते लिहिण्यासारखं नाही.

त्याच आठवड्यात मुलीच्या दप्तरात चोळामोळा केलेली चिठ्ठी सापडली. सहलीची. २५० रुपये भरायची तारीख उलटून गेली होती. दुसरीतली पोर! विचारलं तर म्हणाली, "बाबाजवळ पैसे नाही, तुझ्याजवळ पण नाही. मग कायले विचारू?" त्या दिवशी घरात पैसे होते. अडीचशे तर नक्कीच होते. तिनं आमची भांडणं ऐकून स्वतःचा हिशेब केला होता आणि स्वतःच स्वतःला नाही म्हणून टाकलं होतं. मी शिक्षिका आहे, दुसऱ्यांच्या मुलांचे चेहरे रोज वाचते. माझ्या घरातलं मला दप्तर उघडल्यावर कळलं.

इथे थोडं विषयांतर करते, पण ते आमच्या गावचंच आहे. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन सावलीत झालं, तेव्हा गांधीजी इथे आले होते. गांधीजी हिशेबाचे किती पक्के होते ते आपण मुलांना सांगतो. लंडनमध्ये शिकताना ते पै-पैचा खर्च लिहीत आणि झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवत. आत्मकथेत हे आहे. पण त्याच पुस्तकात दुसराही एक प्रसंग आहे, तो आपण मुलांना क्वचित सांगतो. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून निघताना लोकांनी त्यांना दागिने भेट दिले. त्यात कस्तुरबांसाठी पन्नास गिन्नींचा सोन्याचा हार होता. गांधीजींनी रात्रभर विचार करून ठरवलं की हे सगळं लोकसेवेच्या ट्रस्टला द्यायचं. बायको ऐकणार नाही हे माहीत होतं, म्हणून त्यांनी आधी मुलांना तयार केलं आणि मुलांना आपले वकील बनवून आईकडे पाठवलं. बांनी वाद घातला. पुढे सुना येतील, त्यांना काय घालू, असं विचारलं. तुमची सेवा ती माझीही सेवा नाही का, मी रात्रंदिवस राबले ते काहीच नाही का, असंही विचारलं. शेवटी दागिने ट्रस्टकडेच गेले.

बापूंचा निर्णय मोठा होता यात शंका नाही. पण बांचा प्रश्नही बिनतोड होता, असं मला वाटतं. आणि मुलांना मध्ये घ्यायला नको होतं. आपण सगळे तेच करतो. "जा, बाबांना सांग गॅस संपला." "आईला विचार, तिच्याकडे असतील." आपल्याला वाटतं निरोप पाठवला. पोर मात्र वकील होऊन जातं, आणि हरलेल्या बाजूचा निकालही त्यालाच ऐकावा लागतो.

सहलीच्या चिठ्ठीनंतर आम्ही बसलो. आधी मी चूक केली. शिक्षिकाच ना, लगेच वही आखली : तारीख, तपशील, रक्कम, शेरा. महिनाभर दोघांनी सगळं लिहिलं आणि त्या महिन्यात पूर्वीपेक्षा जास्त भांडलो. कारण वही म्हणजे पंचनामा झाला. "१४ तारखेला चहाचे साठ कसे?" "आणि तुझी ऑनलाइन साडी?" ज्या घरात दोघांनाही वेळ नाही, तिथे रोजचा हिशेब टिकत नाही, आणि टिकला तर पुराव्यासारखा वापरला जातो. वही मी बंद केली. पालकांनो, वही लिहून तुमचं चांगलं चाललं असेल तर चालू ठेवा, पण चालत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका.

उपयोगाला आलं ते भिंतीवरचं कालनिर्णय. दुधाचा हिशेब आपण त्यावर लिहितोच. आम्ही बारा महिन्यांच्या पानांवर फक्त दोन गोष्टी लिहिल्या. वर हिरव्या पेनानं पैसा कधी येणार, खाली लाल पेनानं मोठा खर्च कधी येणार. रोजचं काही नाही, हजाराच्या पुढचंच. (मुलीची सहल तेवढी अपवाद.) अर्ध्या तासात चित्र समोर आलं. हिरवं सगळं डिसेंबर ते मे. लाल जून-जुलैत गर्दी करून बसलेलं : परे टाकायचं बियाणं, खत, रोवणीची मजुरी, शाळेचं सामान, रेनकोट. मग पोळा आणि गणपती. तेव्हा तर हात पूर्ण रिकामे असतात. मार्चच्या पानावर आणखी एक लाल खूण, सोसायटीचं पीककर्ज ३१ तारखेच्या आत भरायचं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्यावर व्याज पडत नाही. आमच्याकडे एक वर्ष ही तारीख चुकली होती. पैसे होते, पण फेब्रुवारीतच 'संपवून' झाले होते.

हे पाहिल्यावर दोघांनाही एकमेकांना काही सांगावं लागलं नाही. ह्यांनीच म्हटलं, जूनचे पैसे जानेवारीतच वेगळे काढायला पाहिजे. म्हणजे धानाचे पैसे आले की पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी. उसनवारी आणि गहाण मोकळं करायचं. पुढच्या हंगामाची रक्कम दुसऱ्या खात्यात टाकायची, ज्याचं एटीएम कार्ड घेतलेलंच नाही. आणि मंडई-पाहुण्यांची रक्कम आधीच ठरवून टाकायची, चोरून नाही, उघडपणे. मंडईला खर्चच करायचा नाही असं मी ठरवलं असतं, तर ते आमच्याकडे एक दिवसही चाललं नसतं.

दुसरं ठरलं ते दोघांच्या खिशाचं. दर महिन्याला पाचशे त्यांचे, पाचशे माझे. त्याचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. इतकी छोटी गोष्ट, पण आमची निम्मी कटकट यानंच कमी झाली. बाईमाणसाला स्वतःचे म्हणून शंभर रुपये विचारल्याशिवाय खर्चता आले पाहिजेत, आणि पुरुषालाही.

आता खर्र्याचं बोललं पाहिजे, कारण चंद्रपूर-गडचिरोलीत घरखर्चावर लिहायचं आणि खर्रा वगळायचा म्हणजे खोटेपणा. एक खर्रा पंचवीस रुपये धरा, दिवसाला दोन. महिन्याचे पंधराशे. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत बाईच्या खात्यात येतात तेही पंधराशेच. कित्येक घरांत एका दारानं आलेले दुसऱ्या दारानं जसेच्या तसे जातात, आणि बाईला वाटतं माझे पैसे कुठे गेले. दारूचं तर विचारूच नका. आमच्या जिल्ह्यात २०१५ ला दारूबंदी आली, २०२१ ला उठली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून आहे. बंदी असो-नसो, घरातल्या हिशेबात हा खर्च 'किरकोळ' या नावाखाली लपलेला असतो. आमच्याकडे खर्रा त्या पाचशेतून ठरलाय. पुरतो का? नाही पुरत. पण आता पुरत नाही हे त्यांना माझ्या तोंडून ऐकावं लागत नाही, वीस तारखेला त्यांचं त्यांना कळतं. पूर्ण सुटला असं लिहायला मला आवडलं असतं, पण ते खोटं होईल. निम्म्यावर आलाय.

आणखी एक सांगायचं राहिलं. पैसा हंगामाचा, पण कर्जाचा हप्ता आठवड्याचा, असा तिसराच प्रकार गावोगावी शिरलाय. घरी येऊन गटानं कर्ज देणाऱ्या काही कंपन्यांचा हप्ता दर आठवड्याला असतो. धान बांधीत उभं असताना दर आठवड्याला रोख कुठून आणायची? मग एका हप्त्यासाठी दुसरं कर्ज. उमेदच्या बचत गटातल्या बायकांना आपसात बोलून परतफेड ठरवता येते, ती सोय इथे नसते. सही करण्याआधी कालनिर्णयावर त्या हप्त्याचे लाल ठिपके मारून बघा. जून ते नोव्हेंबर पानं लाल होतील.

आता थोडं शिक्षकांसाठी. माझ्या हातून झालेली एक चूक कबूल करते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. चौथीच्या मुलांना बेरीज-वजाबाकीचा सराव म्हणून मी गृहपाठ दिला होता, 'घरचा महिन्याचा खर्च लिहून आणा'. मला वाटलं किती छान, जीवनाशी जोडलेलं शिक्षण! एका मुलानं प्रामाणिकपणे लिहून आणलं : तेल, साखर, रिचार्ज, बाबाची दारू. वाचून दाखवताना वर्ग हसला. तो मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. कोणत्याही मुलाला घरचं उत्पन्न किंवा खर्च विचारू नये, हे मला त्याच्या रिकाम्या जागेनं शिकवलं.

आता मी फळ्यावर एक खोटं घर काढते. मुलांनी त्याला नाव दिलंय 'वाघाचं घर'. आई, बाबा, आजी आणि दोन बछडे. धानाचे इतके आले, मोहाचे इतके, जूनमध्ये बियाणं घ्यायचंय, मोठ्या बछड्याला सायकल हवीय. भागाकार येतो, वर्षाचे महिने येतात, आणि वादही भरपूर होतो. मंडईला किती द्यायचे यावर तर मुलं अशी तुटून पडतात की तास संपतो. स्वतःच्या घराबद्दल कोणाला काही सांगावं लागत नाही, आणि ज्याला जे कळायचं ते कळतं.

पालकसभेतही मी यंदा हेच केलं. दरवर्षी डिसेंबरमध्ये आम्ही सांगतो, मिरची तोडायला जाऊ नका, मुलांची शाळा बुडते. लोक मान हलवतात आणि जानेवारीत घराला कुलूप लागतं. खम्मम-वारंगलकडे जाणारी गाडी भरते, पटावर नाव राहतं, पोर नसतं. यंदा भाषण न करता फळ्यावर बारा चौकटी काढल्या. एक आई उठून म्हणाली, "मॅडम, डिसेंबरात आमच्या घरी दिवाळी असते अन् जूनमंदी आमी उधारीवर." सगळे हसले, पण तिनं माझ्या सगळ्या लेखाचं काम एका वाक्यात केलं होतं.

हिशेब मांडला की स्थलांतर थांबेल, असं मी म्हणणार नाही. दोन एकर धानात पाच माणसांचं वर्ष निघत नाही, ते कोणत्याही पेनानं निघणार नाही. तो प्रश्न सिंचनाचा आणि कामाचा आहे, आणि तो घरातल्या बाईच्या काटकसरीवर ढकलणं मला पटत नाही. पण ज्या घरांत जायचंच आहे, तिथे कोण जाणार, पोरं आजीकडे राहू शकतात का, त्यांच्या खर्चाचे किती ठेवून जायचे, हे मुकादमाची उचल घेण्याआधी नवरा-बायकोनं बोलायला हवं. उचल एकदा घेतली की मग बोलायला काही उरत नाही. सभेनंतर दोन घरांनी मुलांना आजीजवळ ठेवायचं ठरवलंय. जानेवारीत कळेल.

एक सूचना मात्र कळकळीची. सभेला आई-बाबा दोघांनाही बोलवा. एकटी आई आली तर ती सगळं ऐकते आणि घरी जाऊन तिला निरोप्याचं काम करावं लागतं. सभा संध्याकाळी सातला ठेवली तर बाबा येतात, हा आमचा अनुभव आहे.

आम्ही घरी बसतो ते आठवडी बाजाराच्या आदल्या रात्री, जेवण झाल्यावर, दहा-पंधरा मिनिटं. मुलगी आता शेजारी बसते. तिला आम्ही काही विचारत नाही, पण ऐकू देतो. नवीन वर्षाचं कालनिर्णय आणलंय. जानेवारीच्या पानावर मी लाल पेनानं लिहिलं, पोत सोडवणे. त्याखाली ह्यांनी लिहिलं, शंकरपट ३,०००. मी काही बोलले नाही, आकडा ठरलेलाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर त्याच पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलेलं होतं, 'सहल २५०', आणि त्याखाली बारीक अक्षरात 'खाऊ ५०'. ते पन्नास कोणाच्या पाचशेतून जाणार, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.